घरच्या घरी, पडद्यासमोर व्यायाम: पंचेचाळिशीपुढच्या गोवेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्यात मी गेली पंचवीसेक वर्षं फिजिओथेरपीचं काम करते. २०२० च्या टाळेबंदीत पेशंट घरी अडकले आणि व्हॉट्सॲपवर प्रश्न यायला लागले, ते अजून थांबलेले नाहीत. पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या, पंचेचाळीस ते ऐंशी वयाच्या माणसांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढची बरीच उत्तरं तिच्यावर उभी आहेत. व्हिडिओतला माणूस तुम्हाला दिसतो, पण त्याला तुम्ही दिसत नाही. तुमचा गुडघा, तुमचं बीपी, तुमच्या पायाखालची ओलसर फरशी त्याला ठाऊक नसते. ते लक्ष तुम्हालाच ठेवावं लागतं.

१. माझं वय ५४. शाळा सुटल्यापासून व्यायाम असा केलेलाच नाही. आता सुरू करून काही फायदा आहे का?

आहे, आणि वाटतं त्यापेक्षा लवकर दिसतो. तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू घटतात, साठीनंतर जास्त वेगाने घटतात. पण त्यांना काम दिलं की कुठल्याही वयात ते पुन्हा भरू लागतात. १९९० साली अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या मोजक्या रहिवाशांकडून, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, आठ आठवडे पायांच्या ताकदीचा व्यायाम करून घेतला होता. त्यांच्या मांड्यांची ताकद दुपटीहून जास्त झाली. तुम्ही तर चोपन्नचे आहात.

पहिले दोन आठवडे रोज दहाच मिनिटं करा, मन म्हणालं तरी जास्त नको. नव्या उत्साहात पहिल्याच दिवशी चाळीस मिनिटांचा व्हिडिओ पुरा करणारी माणसं चौथ्या दिवशी माझ्याकडे कंबर धरून येतात.

२. मी रोज संध्याकाळी मीरामारच्या किनाऱ्यावर पाऊण तास चालतो. तेवढं पुरत नाही का?

चालणं सोडू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनाप्रमाणे आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमवणारी हालचाल हवी. रोज पाऊण तास भरभर चालत असाल तर तो हिशेब तुमचा पुरा होतो. पण त्याच मार्गदर्शनात आणखी दोन गोष्टी आहेत आणि त्या करणारी माणसं मला फार कमी भेटतात. आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंचा ताकदीचा व्यायाम, आणि ६५ नंतर आठवड्यातून तीन किंवा जास्त दिवस तोल आणि ताकद दोन्हींचा सराव.

माझ्याकडे येणाऱ्या एक काकी देवळापर्यंत जाऊन-येऊन रोज तीन किलोमीटर चालायच्या. दम लागायचा नाही, वजनही बेताचं. पण आदोळीवर (जमिनीवरच्या बसक्या खवणीवर) बसून नारळ खवणून झाला की उठता यायचं नाही. आधी खवलेल्या खोबऱ्याचं ताट बाजूला सारायचं, मग एक गुडघा टेकायचा, एक हात जमिनीवर, दुसरा ओट्याच्या कडेला, आणि सून आली तर तिचा दंड. चालताना मांडीवर एवढा भार कधी येतच नाही, त्यामुळे चालून ही ताकद येत नाही. तीन महिने त्यांनी खुर्चीवरून उठ-बस केली (पद्धत प्रश्न १० मध्ये). आता काकी एक हात मांडीवर ठेवून उठतात, सुनेला हाक मारत नाहीत.

स्वतःची परीक्षा घ्यायची असेल तर भिंतीला टेकवलेल्या खुर्चीत बसा, हात छातीवर आडवे धरा, आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या तक्त्यानुसार ६० ते ६४ वयात पुरुषांचे १४ पेक्षा कमी, बायकांचे १२ पेक्षा कमी झाले तर पायांची ताकद सरासरीहून कमी. आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि दर महिन्याला पुन्हा मोजा.

३. डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू केलं तर चालेल का?

हलकं चालणं, खुर्चीत बसून हातपाय हलवणं यासाठी परवानगीची गरज नाही. पण हृदयविकार, मधुमेह, रक्तदाब, दमा, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, चक्कर येण्याची सवय किंवा हाड मोडल्याचा इतिहास असेल तर आधी विचाराच.

‘मला काही नाही’ असं म्हणणाऱ्यांनीही एकदा साखर आणि बीपी तपासून घ्यावं असं मी आग्रहाने सांगते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सगळ्यांत जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के. म्हणजे चार माणसांत एकाहून थोडं जास्तच. यातल्या अनेकांना ते ठाऊकही नसतं. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी होते, आणि घरून बोलायचं असेल तर सरकारच्या ई-संजीवनी सेवेवर डॉक्टरांचा सल्ला फुकट मिळतो.

व्यायाम करताना छातीत दाब किंवा आवळल्यासारखं वाटलं, दुखणं जबड्यात किंवा डाव्या हातात उतरलं, दरदरून घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथेच थांबा. ‘गॅस झाला असेल’ म्हणत सोडा-लिंबू पीत बसू नका. १०८ ला फोन करा.

४. यूट्यूबवर हजारो व्हिडिओ आहेत. आमच्या वयाला कुठला चालेल हे कसं ओळखायचं?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त येतो.

पहिला नियम: कुठलाही व्हिडिओ पहिल्यांदा बघाल तेव्हा व्यायाम करू नका. चहा घेऊन खुर्चीत बसा आणि शेवटपर्यंत नुसता बघा. बघताना या गोष्टी टिपा. सुरुवातीला पाच मिनिटं तरी अंग गरम करून घेतात का? ‘हे कोणी करू नये’ असं स्पष्ट सांगतात का? प्रत्येक हालचालीचा सोपा प्रकार, खुर्ची किंवा भिंत धरून, दाखवतात का? शिकवणाऱ्याचे पाय दिसतात का, की कॅमेरा नुसता चेहऱ्यावर? आणि शेवटी, जमिनीवर झोपून करायच्या आणि उभ्याने करायच्या हालचाली किती वेळा बदलतात? दर मिनिटाला झोप-ऊठ करायला लावणारा व्हिडिओ साठीच्या माणसाला दमवतो तो उठण्या-बसण्यानेच, आणि चक्करही तेव्हाच येते.

दुसरा नियम: ‘सात दिवसांत गुडघेदुखी गायब’ असं शीर्षक दिसलं की पुढे सरका. सात दिवसांत स्नायू बदलत नाहीत. खरा फरक जाणवायला सहा ते आठ आठवडे लागतात.

विश्वासाने सुरुवात करता येईल अशा जागा सांगते. आयुष मंत्रालयाचा सामान्य योग प्रोटोकॉल, जो २१ जूनच्या योगदिनाला सगळीकडे करतात, साधारण ४५ मिनिटांचा आहे आणि तुकडे पाडून करता येतो. २०१९ मध्ये सुरू झालेल्या फिट इंडिया मोहिमेने वयोगटानुसार व्यायाम दिले आहेत, त्यात ६५ च्या पुढच्यांसाठी वेगळा भाग आहे. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या, म्हणजे एनएचएसच्या, संकेतस्थळावर बसून करायचे, ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम चित्रांसह फुकट आहेत. तिथली भाषा इंग्रजी आहे, पण चित्रं बघूनही समजतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वृद्धत्व संस्थेचे व्हिडिओही चांगले, त्यात व्यायाम करून दाखवणारी माणसं आपल्यासारखी वय झालेली दिसतात आणि त्याने धीर येतो.

एक व्हिडिओ निवडलात की महिनाभर तोच ठेवा. रोज नवा शोधणाऱ्याचा वेळ शोधण्यात जातो आणि कुठलीही हालचाल नीट बसत नाही.

५. शिकवणारी फार भरभर करते, आणि इंग्रजीतून बोलते. मला गाठता येत नाही.

यूट्यूबच्या सेटिंगमध्ये, त्या चाकाच्या चित्रावर, गती ०.७५ करा. आवाज थोडा जड येतो, पण हालचाल दिसते. बऱ्याच व्हिडिओंना मराठी उपशीर्षकं लावता येतात, मात्र ती यंत्राने केलेली असतात आणि डावा-उजवा, मांडी-पोटरी यात गोंधळ करतात, तेव्हा शब्दांपेक्षा चित्रावर विसंबा. गाठायचा तर प्रयत्नच करू नका. तिने दहा केले तेवढ्यात तुमचे सहा नीट झाले, तर तुमचे सहा चांगले.

६. घर लहान आहे. फोन कुठे ठेवू, आणि करू कुठे?

हात दोन्ही बाजूंना पसरून एक फेरी मारता आली की जागा पुरते. जुन्या घरात राजांगण (मधला चौक) किंवा बलकाव (पुढची ओसरी) असेल तर उत्तम, फ्लॅटमध्ये सोफा थोडा सरकवा.

फोन जमिनीवर, तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवलेला मी अनेक घरांत पाहिला आहे. मग माणूस मान खाली घालून पडद्यात बघत व्यायाम करतो आणि आठवड्याभरात मान धरते. उभ्याने करायचा व्यायाम असेल तेव्हा फोन छातीच्या उंचीवर, शोकेसवर किंवा फ्रिजवर ठेवा. टीव्हीवर लावता आला तर सगळ्यांत बरं. झोपून करायच्या हालचाली आधी पाठ करा आणि मग पडदा न बघता, नुसत्या आवाजावर करा.

आता फरशी. जून ते सप्टेंबर आपल्याकडे फरशीला घाम येतो, हे गोव्याबाहेर व्हिडिओ करणाऱ्या कुणाला सुचणार? २०२० च्या जुलैत मी स्वतः अशाच ओलसर मोझेकवर पातळ मॅट टाकून पाय मागे नेण्याचा व्यायाम करत होते. मॅट सरकली, मी हातावर पडले आणि सहा आठवडे मनगटाला पट्टा होता. दुसऱ्यांना सावध करणारी मी, त्या दिवशी फरशी पुसायची राहिली. तेव्हापासून आधी कोरड्या फडक्याने पुसते, पंखा दहा मिनिटं लावते, मग मॅट. मोज्यांवर कधीच नाही. एक तर अनवाणी, नाही तर रबरी तळाचे बूट. मधुमेह असेल तर बूटच (प्रश्न ११).

७. डंबेल्स, मशीन वगैरे घ्यावं लागेल का?

नाही. भक्कम लाकडी किंवा लोखंडी खुर्ची लागेल. प्लास्टिकची खुर्ची पाय फाकवते, ती नको. एक लिटर पाण्याची बाटली म्हणजे एक किलो, अर्ध्या लिटरची अर्धा किलो, आणि वाळू भरली की त्याच बाटलीचं वजन दीडपट होतं. दोन महिने टिकलात तर रबरी पट्टा घ्या, पाठ आणि खांद्यांसाठी त्याच्यासारखी स्वस्त वस्तू नाही. महागडी ट्रेडमिल मात्र मी कुणालाच सुचवत नाही. बऱ्याच घरांत तिच्यावर कपडे वाळताना दिसतात.

८. आठवडा कसा आखायचा? आणि कुठल्या वेळी करावा?

माझ्या बहुतेक पेशंटांना पेलतो असा आराखडा सांगते. सोमवार आणि गुरुवार ताकद, वीस ते तीस मिनिटं. मंगळवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार चालणं किंवा घरात जागच्या जागी चालण्याचा व्हिडिओ, अर्धा तास. तोल मात्र रोज दोन मिनिटं, दात घासताना बेसिनला बोट टेकवून एका पायावर. रविवारी अंग ताणण्याच्या हालचाली किंवा नुसती विश्रांती. वेळ सलग मिळत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तुकडेही चालतात, एकूण बेरीज महत्त्वाची.

वेळेचं म्हणाल तर एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत उरका. आपल्या दमट हवेत घाम सुकत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि तोच व्यायाम जास्त जड जातो. दुपारच्या शीत-कढीनंतर लगेच जोराचा व्यायाम नको. मात्र वामकुक्षीआधी घरातल्या घरात दहा-पंधरा मिनिटं संथ चाललात तर जेवणानंतर चढणारी साखर बरीच आटोक्यात राहते.

पावसात वीज जाते, आणि सत्तरी-सांगेच्या आतल्या गावांत रेंजही जाते. म्हणून दोन व्हिडिओ फोनमध्ये उतरवून ठेवा, आणि त्यातल्या हालचाली एका कागदावर क्रमाने लिहून कपाटाच्या दाराला चिकटवा. कागद आहे तोवर वीज नसली तरी खंड पडत नाही.

९. किती दमलो म्हणजे बरोबर? घड्याळ तर रोज १०,००० पावलं मागतं.

१०,००० हा आकडा वैद्यकातून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजण्याचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलं मोजणारा’ असा होता. आकडा तिथून रूढ झाला. तुम्ही आज तीन हजार चालत असाल तर पुढच्या महिन्यात चार हजार हे खरं यश.

दमण्याचं माप म्हणजे तुमचं बोलणं. व्यायाम करताना पूर्ण वाक्य बोलता येतं पण आरती म्हणता येत नाही, तो मध्यम वेग. दोन शब्दांतच दम लागला तर जास्त झालं. आरती सुरात पुरी झाली तर वाढवा. नाडीच्या आकड्यांवर जाऊ नका, विशेषतः ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या घेत असाल तर. त्या गोळ्या नाडी वाढूच देत नाहीत, मग ‘वेग वाढवा’ असं घड्याळ सांगत राहतं आणि माणूस जीव काढत राहतो.

१०. गुडघे झिजलेत असं एक्स-रेत आलंय. व्यायामाने आणखी झिजतील ना?

ही भीती मी रोज ऐकते आणि तिच्यामुळे किती पाय वाळलेले पाहते. झिजलेल्या गुडघ्याला आधार देतो तो मांडीचा पुढचा स्नायू. तो अशक्त झाला की पायऱ्या उतरतानाचा प्रत्येक धक्का थेट सांध्यावर बसतो. गुडघ्याच्या संधिवातात व्यायाम हा उपचाराचा पहिला भाग आहे, फक्त व्हिडिओतल्या उड्या आणि खोल स्क्वॉट तुमच्यासाठी नाहीत.

खुर्चीवरून उठ-बस अशी करा. खुर्ची भिंतीला टेकवा. थोडी उंच हवी असेल तर बैठकीवर घट्ट उशी किंवा घडी केलेली गोधडी घाला. पुढे सरकून कडेला बसा, दोन पायांत कमरेच्या रुंदीइतकं अंतर, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतके पुढे झुका, आणि श्वास सोडत उभे राहा. आता महत्त्वाचं: बसताना धपकन बसू नका. मनात चार आकडे मोजत खाली या. ताकद येते ती या सावकाश खाली येण्यात. गुडघे आत एकमेकांकडे वळत असतील तर समोर आरसा ठेवा. आठ वेळा, एक मिनिट थांबा, पुन्हा आठ. जमू लागलं की उशी काढा, मग हातांचा आधार काढा, मग हातात बाटल्या घ्या.

दुखलं तर? दोन प्रकार ओळखायला शिका. व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांडीचं मांस ठणकतं, दाबलं की कळतं, ते स्नायूंचं, आपोआप जातं. सांध्याच्या आत टोचणारी कळ, सूज, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळीही वाढलेलं दुखणं म्हणजे जास्त झालं. पुढच्या वेळी संख्या निम्मी करा, बंद करू नका. गुडघा अडकत असेल किंवा अचानक सुटत असेल तर मात्र दाखवून घ्या.

११. मला मधुमेह आहे, इन्सुलिन घेतो. काय सांभाळू?

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांवर असाल तर व्यायामाआधी साखर बघा. १०० च्या खाली असेल तर आधी केळं किंवा दोन बिस्किटं खा. २५० च्या वर असून मळमळ किंवा कसर असेल तर त्या दिवशी व्यायाम नको, डॉक्टरांना फोन करा. हात थरथरले, घाम आला, बोलणं अडखळलं तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच घ्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. साखर व्यायामानंतर काही तासांनी, अगदी रात्रीही उतरू शकते, म्हणून पहिल्या आठवड्यांत झोपण्याआधीही मोजा. ज्या ठिकाणी नुकतंच इंजेक्शन घेतलं त्याच अवयवाचा व्यायाम लगेच करू नका.

पायांची संवेदना कमी झाली असेल तर अनवाणी कधीच नाही, आणि व्यायाम झाल्यावर तळवे आरशात बघा.

१२. बीपी आहे. योगाचे व्हिडिओ तर सगळ्यांना चालतात ना?

सगळे नाही. बीपी १८०/११० च्या वर असेल त्या दिवशी व्यायामच नको. एरवी दोन गोष्टी टाळा. जोर लावताना श्वास कोंडणं (त्याने दाब एकदम वर जातो, म्हणून ताकद लावताना श्वास सोडा, मोठ्याने आकडे मोजलेत तर आपोआप सुटतो), आणि डोकं हृदयाच्या खाली नेऊन ठेवणाऱ्या स्थिती. भराभर कपालभाती हा अनेकांचा लाडका व्हिडिओ, पण बीपी आटोक्यात नसेल, हर्निया असेल किंवा पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर तो नको.

काचबिंदू असलेल्यांनी शीर्षासन, सर्वांगासन, अधोमुख श्वानासन टाळावं, कारण त्यात डोळ्यांतला दाब वाढतो. हाडं ठिसूळ झालेल्यांनी काय टाळावं ते पुढच्या प्रश्नात आहे. प्राणायाम मन शांत करतो, झोप सुधारतो, तो जरूर करा. पण त्याने मांडीत ताकद येत नाही, त्यासाठी प्रश्न २ आणि १० लागतील.

१३. पाळी थांबल्यापासून सांधे आखडलेत, वजन वाढलंय, आणि हसताना लघवी निसटते. हे कुणाला विचारायचं?

हा प्रश्न बहुतेक वेळा रात्री दहानंतर येतो आणि खाली लिहिलेलं असतं, ‘कुणाला सांगू नका’. ताई, हे अर्ध्या गावाचं आहे, लाजण्यासारखं त्यात काही नाही.

पाळी थांबली की इस्ट्रोजेन हे संप्रेरक उतरतं, पुढची काही वर्षं हाडं वेगाने विरळ होतात. त्यावर औषधाबरोबर लागतो तो भाराचा व्यायाम: उठ-बस, पायरी चढ-उतर, बाटल्या उचलणं, भिंतीवर हात टेकून दंड. हाडं ठिसूळ असल्याचं तपासणीत आलं असेल तर पाठ गोल करून पायाची बोटं धरणं, पश्चिमोत्तानासन, हलासन, पोटासाठीचे अर्धे उठणारे प्रकार आणि झटक्याने कंबर पिळणं सोडा. अशा वाकण्यात मणके दबून मोडू शकतात, आणि पोटाच्या व्हिडिओंत नेमकं हेच भरलेलं असतं.

लघवीसाठी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू. वारा आणि लघवी दोन्ही रोखल्यासारखं आत वर खेचा, पाच सेकंद धरा, पाच सेकंद पूर्ण सोडा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट, मांड्या आवळू नका, श्वास चालू ठेवा. प्रत्यक्ष लघवी करताना हा सराव करू नका. तीन महिने द्या. फरक नसेल, किंवा खाली काही उतरल्यासारखं वाटत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

१४. व्यायामासोबत प्रोटीन पावडर घ्यावी का?

बहुतेकांना गरज नाही. वय वाढलं की दिवसाला प्रत्येक किलो वजनामागे साधारण १ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं धरा. दोन्ही वेळच्या पानात बांगडा किंवा तारली, किंवा अंडं, नाही तर अळसांदे, कुळीथ, मूग यांतलं काही वाटीभर असलं की बराच पल्ला गाठता येतो. अडचण होते ती रात्री फक्त पेज आणि लोणचं घेणाऱ्या एकट्या माणसांची. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

१५. ॲपने ‘सात दिवस फुकट’ म्हणून नंतर पैसे कापले. आता?

फोनमधून ॲप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही. प्ले स्टोअरच्या सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन ती रद्द करा आणि ज्या यूपीआय ॲपवरून पैसे गेले तिथल्या ‘ऑटोपे’ मध्येही बघा. कुणी ‘गुडघ्याचा ऑनलाइन कोर्स’ म्हणून लिंक पाठवून फसवलं असेल तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० ला फोन करा. वर सांगितलेल्या सगळ्या गोष्टी फुकटात मिळतात, हे पुन्हा सांगते.

१६. आई ८१ वर्षांची, डिचोलीत एकटी असते. मी पुण्यात. व्हिडिओ कॉलवरून तिचा व्यायाम घेऊ शकतो का?

घ्या. उतारवयाच्या माणसासाठी रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओपेक्षा समोरून बघणारं माणूस कधीही चांगलं, मग ते तज्ज्ञ नसलं तरी. मात्र पहिली भेट प्रत्यक्षात असू दे. येत्या सुट्टीत घरी जाल तेव्हा खुर्चीपासून तीन मीटरवर खूण करा, आईला उठून तिथवर नेहमीच्या चालीने जाऊन परत येऊन बसायला सांगा आणि वेळ मोजा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे, आधी फिजिओथेरपिस्टकडे न्या आणि एकटीने उभ्याचे व्यायाम नको.

कॉलच्या वेळी फोन आडवा आणि बाजूला ठेवायला शेजारच्या मुलाला सांगा, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत आई दिसेल. ती ओट्याला दोन्ही हात धरून उभी राहू दे: टाचा उचलणं, एकेक पाय बाजूला नेणं, रेषेवर पाऊलापुढे पाऊल ठेवत ओट्याच्या कडेने जाणं. साडीऐवजी गाऊन घोट्याच्या वर असावा, चष्मा लावलेला असावा, पायपुसणं गुंडाळून ठेवलेलं असावं. शेजारच्या एका घराचा नंबर तुमच्याकडे हवा आणि त्या घरात आईची एक किल्ली. तुमच्या कॉलशिवाय तिने उभ्याचं काही करू नये, बसून मात्र दिवसातून कितीही वेळा करू दे.

१७. चवथीला पाहुणे आले, दहा दिवस खंड पडला. नंतर चिकुनगुन्या झाला. आता पुन्हा पहिल्यापासून?

दोन्ही वेगळं धरा. चवथीचा खंड हा खंडच नव्हे, माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळापानांची चौकट) बांधायला चढ-उतर केली असेल, आणि बायकांनी फुगडी घातली असेल तर तो मध्यम नव्हे, जोराचा व्यायाम झाला. पौषात धालो हा बायकांचा नाच खेळणाऱ्या सत्तर वर्षांच्या आजींचा तोल मी बघते तेव्हा मला शिकवण्यासारखं फार उरत नाही. दहा दिवसांनी संख्या थोडी कमी करून जिथे सोडलं होतं तिथून सुरू करा, आठवड्यात पूर्ववत होतं.

तापाचं तसं नाही. डेंगी किंवा चिकुनगुन्यानंतर ताप उतरून आठवडा होईपर्यंत फक्त घरातलं चालणं. चिकुनगुन्यात सांधे काही आठवडे, काहींचे काही महिने दुखतात. सकाळी बोटं आणि घोटे आखडलेले असतात, तेव्हा आधी कोमट पाण्यात हात-पाय बुडवून मुठी उघडा-मिटा, घोटे फिरवा, आणि ताकदीचा व्यायाम दुपारी चार-पाचला ठेवा, तेव्हा सांधे मोकळे असतात. पहिल्या आठवड्यात आधीच्या निम्मी संख्या, बाटल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आखडणं वाढलं नाही तरच पुढच्या आठवड्यात दोन-दोनने वाढवा. सांध्यावर सूज दिसत असेल तर तो सांधा सोडून बाकीच्यांचा व्यायाम चालू ठेवा, आणि तीन महिन्यांनंतरही सूज राहिली तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा.